खोबऱ्या आंब्याचा चाकू

जुलैच्या चोवीस तारखेला, चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर, जुलियानाने पडवीत मांडलेल्या बारा पिशव्या एकेक उचलून पाहिल्या आणि एकेक करून परत ठेवल्या. बाराही कलमं वाळली होती.

"हा चाकू मला ओळखत नाही," ती म्हणाली.

तिचे यजमान ॲन्सेल्म तुस्कानो यांनी वर्तमानपत्र खाली केलं. हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या या माणसासमोर असं विधान करून कोणी सहसा सुटत नसे.

"चाकू कोणालाच ओळखत नाही. त्याला कोन असतो आणि कठीणपणा असतो. तिसरं काही नसतं."

"मग मास्तर, मला ओळखणारा कोन करून द्या."

तो चाकू त्यांनीच केला होता, म्हणून बोलणं जरा लागलं.

प्रश्न एका झाडाचा होता. जुलियानाच्या माहेरी, गिरीज गावातच पलीकडच्या आळीत, विहिरीजवळ एक रायवळ आंबा होता. त्याची कैरी आंबट नसे. कोवळ्या खोबऱ्यासारखी लागे, म्हणून घरात त्याला खोबऱ्या म्हणत. जुलियानाचे वडील इग्नेशियस यांनी आपल्या आयुष्यात शेकडो कलमं बांधली. पण खोबऱ्याचं मात्र करू करू म्हणता राहून गेलं, आणि ते वारले. आता तिचा धाकटा भाऊ प्लासिड नेमका तिथेच नवं घर बांधणार होता. पाऊस उघडला की ऑक्टोबरात झाड तोडायचं, हे ठरलं होतं. प्लासिड वाईट माणूस नव्हता. त्याला पाच मुलं होती आणि जागा तेवढीच होती.

"बाय, एवढा जीव कशाला टाकतेस? कोय लाव ना त्याची," तो म्हणाला होता.

"कोयीतून झाड येईल, खोबऱ्या येणार नाही. विचार तुझ्या भावोजींना."

"बरोबर आहे," ॲन्सेल्म म्हणाले. "पराग कोणत्या झाडाचा आला, ते कोणी पाहिलेलं नसतं."

"म्हणजे भावोजी, आमच्या खोबऱ्याच्या चारित्र्यावर संशय घेता तुम्ही!"

तेव्हा उपाय एकच होता: खोबऱ्याची डोळकाडी, म्हणजे डोळा असलेली काडी, दुसऱ्या रोपावर बांधायची. जुलियानाने जूनमध्ये कोया पेरून चोवीस रोपं रुजवली होती. बारा गेली. बारा उरली.

वडिलांचा कलमाचा चाकू हातात असता तर प्रश्नच नव्हता. पण तीस वर्षं दगडावर घासून घासून त्याचं पातं पिंपळपानाच्या जाळीइतकं उरलं होतं, आणि यंदाच्या ईस्टरआधीच्या उपासकाळात ते मधोमध मोडलं. ॲन्सेल्मनी मुठीसकट राहिलेला दोन बोटांचा तुकडा मोजला. पात्याची जाडी घेतली, धारेचा कोन बावीस अंश भरला. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने उतरवतात आणि दुसरं अंग सपाट ठेवतात. ते सपाट अंग काडीला टेकून सरकतं, म्हणून काप सपाट येतो. सासऱ्यांचा चाकू मात्र, बाजारात मिळणाऱ्या चाकूंच्या मानाने, उलट्या अंगाने घासलेला होता. ॲन्सेल्मनी वहीत नोंद केली: 'मूळ चाकूत धार चुकीच्या बाजूस. नवीन चाकूत दुरुस्त केली.'

सासरे चौथीपर्यंत शिकलेले होते. असं व्हायचंच, असा विचार करून त्यांनी वही मिटली होती.

त्या रविवारी दुपारी त्यांनी वाळलेली कलमं उभी चिरून भिंगाखाली धरली. काडी आणि रोप पूर्ण चिकटलीच नव्हती. मधे पोकळी राहून काळी पडली होती. म्हणजे काप सपाट आला नव्हता. मग त्यांनी चाकूच्या सपाट अंगावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिलं. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून प्रकाश येत होता. ते अंग सपाट नव्हतंच. मधे फुगीर होतं.

कारण उघड होतं. घरच्या विहिरीशेजारच्या पडाळीत, उतरत्या छपराखाली, त्यांचा ग्राइंडर होता: जुन्या पंपाची मोटर, लाकडी चाकं आणि त्यांवरून फिरणारा एमरीचा पट्टा. पातं हाताने धरून पट्ट्यावर दाबलं की पट्टा दबतो, मनगट नकळत डोलतं आणि कडा जास्त खाल्ल्या जातात. हात सरळ रेषेत चालत नाही, यात हाताचा दोष नाही. तो खांद्याला टांगलेला आहे. पातं सरळ रेषेत नेणारं काहीतरी हवं होतं.

शाळेने मोडीत काढलेला एक चल सूक्ष्मदर्शक, पट्टीवर सरकवत मोजमाप घेण्याचा, त्यांनी निवृत्तीच्या वेळी मागून घेतला होता. त्याची भिंगं बुरशीने गेली होती, पण पितळी सरक आणि बारीक आट्यांचा स्क्रू शाबूत होता. सरक त्यांनी चाकासमोर आडवी बसवली. तिच्यावर जाड लोखंडी तक्ता, आणि त्यात देवळाच्या फाटलेल्या कर्ण्यांमधून काढलेले दोन लोहचुंबक. पातं चुंबकाने तक्त्यावर बसायचं, तक्ता हाताने पुढे-मागे सरकायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर स्क्रू केसभर फिरवून पातं पट्ट्याच्या आणखी जवळ न्यायचं. कागदावर यात काही चूक नव्हती.

पहिल्याच फेरीत पातं चुंबकावरून सुटलं, पडाळीच्या दारातून गेलं आणि अंगणातल्या केळीच्या खोडात रुतलं.

"लागलं का कोणाला?" जुलियाना स्वयंपाकघरातून ओरडली.

"केळीला."

चुंबक तक्त्याकडे ओढून धरतो; पट्टा बाजूला ढकलतो. त्यांनी पात्याच्या टोकाशी पितळेची एक ठेंगणी अडवण ठोकली. पातं सुटायचं थांबलं. मग ते तापून निळं पडू लागलं. तेव्हा शेजारी पाण्याचा डबा आला आणि दर दोन फेऱ्यांनी बुचकळी. मग पात्यावर लाटा उमटल्या, कारण लाकडी चाक पावसाळी हवेने फुगलं होतं. चाक जागेवरच फिरवून त्यांनी पटाशीने गोल केलं, वर तेल पाजलं. दिवसाला एक दोष सापडत होता आणि दिवसाला एक जात होता. यात त्यांना जे सुख होत होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नसतं.

जुलियानाने या काळात माउलीपुढे रोज मेणबत्ती लावली.

"यावरून काही सिद्ध होणार नाही," ते एकदा म्हणाले. "सहा रोपं मेणबत्तीशिवाय ठेवायला हवीत."

"त्या सहांचं पाप तुमच्या माथी. ठेवू?"

रोपं बाराच होती.

पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनाहून आल्यावर, त्यांनी काचेच्या तुकड्यावर तेलात कालवलेली कपड्याची नीळ पुसटशी फासली आणि पात्याचं सपाट अंग त्यावर टेकवून उचललं. टोकापासून मुठीपर्यंत निळा रंग एकसारखा लागला होता. पट्टी ठेवून पाहिली. कुठूनही उजेड आला नाही. मग त्यांनी दुसऱ्या अंगाने बावीस अंशांची धार उतरवली, मूठ बसवली आणि चाकू रुमालात गुंडाळून पडवीत नेला.

"आधी साध्या काडीवर बघते," जुलियाना म्हणाली. ती नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे पाठ करून पाटावर बसली. रायवळाची काडी घेतली, चाकू ओढला, काप पाहिला. दुसरी काडी घेतली, तिसरी. मग तिने तिन्ही काड्या मागे न वळताच त्यांच्याकडे दिल्या.

तिन्ही काप खोलगट होते.

ॲन्सेल्मनी चाकू मागून घेतला आणि स्वतः एक काडी कापली. आयुष्यात त्यांनी एकही कलम बांधलं नव्हतं. तरी काप काचेसारखा सपाट आला. आणखी एक कापली. तसाच.

"चाकू निर्दोष आहे," ते म्हणाले. "मग दोष तुझ्या हातात आहे."

ते वाक्य त्यांच्या तोंडून निष्कर्ष म्हणून निघालं होतं. जुलियानाने दोन्ही हात पदराखाली घेतले. एखाद्या लहान मुलीने घ्यावेत तसे, पटकन. अठ्ठावीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला ती हालचाल ओळखू आली. छडी येणार म्हटल्यावर पोरं असेच हात लपवतात.

"जुली," चाकू खाली ठेवून ते म्हणाले, "मी चुकीचं बोललो. एकच चाकू, एकच काडी, माणसं दोन, काप वेगळे. म्हणजे दोघांच्या कापण्यात फरक आहे. तुझं कापणं मी पाहिलेलं नाही. इकडे तोंड करून काप."

"राहू द्या आता."

"एकच."

तिने पाट फिरवला, काडी उजव्या हातात धरली आणि चाकू डाव्या.

ॲन्सेल्म पाहत राहिले. एकतीस वर्षं ही बाई त्यांच्यासमोर उजव्या हाताने जेवली होती, उजव्या हाताने क्रूसाची खूण करत होती, उजव्या हाताने वाण्याची यादी लिहीत होती. विळीवर दोन्ही हात लागतात, तिथे काही कळायचं कारण नव्हतं. आणि वाडीत कलमं बांधताना ती पाठ करून बसे. त्याला ते एकाग्रता समजत आले होते.

"तू डावरी आहेस?"

"शाळेत सिस्टर माझा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून ठेवायची. मग सुटली सवय. सगळीकडची सुटली, एवढी नाही." तिने चाकूकडे पाहिलं. "बाबा पण डावराच होता. आंब्याखाली बसून शिकवायचा. म्हणायचा, काप गं तुझ्या हाताने, इथे कुठे आहे सिस्टर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही कोन मोजत होता."

ॲन्सेल्म उठले. कपाटातून त्यांनी मोडक्या चाकूचा तुकडा काढला आणि आधी आपल्या उजव्या हातात धरला, मग तिच्या डाव्या हातात दिला. त्या हातात सपाट अंग बरोबर काडीच्या बाजूला येत होतं. सासऱ्यांच्या चाकूत चूक नव्हती. 'हा चाकू मला ओळखत नाही' हे तिचं वाक्यही भोळसटपणाचं नव्हतं. ते अचूक निरीक्षण होतं आणि घरातल्या एकमेव विज्ञानशिक्षकाने ते तपासायचं सोडून धुडकावलं होतं.

त्यांनी वही उघडली. 'दुरुस्त केली' या शब्दांवर काट मारली, आणि खाली लिहिलं: 'मूळ चाकू बरोबर. निरीक्षक चुकला.'

नवं पातं घासायला दोनच दिवस लागले. यंत्राची जोडणी तयारच होती, फक्त पातं तक्त्यावर उलटं ठेवायचं होतं. त्या दोन दिवसांत त्यांनी नेहमीपेक्षा एक फेरी जास्त घेतली. गरज नव्हती. निळीची परीक्षा आधीच झाली होती.

अठराला सकाळी जुलियानाने नव्या चाकूने पहिली काडी कापली, काप पट्टीवर धरून स्वतःच उजेडाकडे पाहिलं आणि हसली. मग ती प्लासिडच्या अंगणातून खोबऱ्याच्या डोळकाड्या घेऊन आली आणि बाराही कलमं एका बैठकीत बांधली. पाट तिने भिंतीकडे वळवला नाही. ॲन्सेल्म समोर बसून प्लास्टिकच्या पट्ट्या कापून देत होते. सूचना एकही केली नाही; हे त्यांना चाकूपेक्षा अवघड गेलं.

सप्टेंबरच्या आठ तारखेला, माउलीच्या वाढदिवसाच्या सणाला, पहिल्या कलमाच्या डोळ्यातून तांबूस पान डोकावलं. महिनाअखेर नऊ कलमं जगली. तीन वाळली.

ऑक्टोबरात खोबऱ्या पडला. जुलियाना पाहायला गेली नाही. संध्याकाळी प्लासिड आला. पडवीतल्या नऊ पिशव्यांसमोर उभा राहून त्याने टोपी काढली.

"बाय, एक मला देशील? नव्या घराच्या मागे लावीन."

"दोन ने. एक मेलं तर?"

"भावोजी, काय म्हणता? तुमच्या यंत्राने झालं की बायच्या मेणबत्तीने?"

"सांगता येणार नाही," ॲन्सेल्म म्हणाले. "प्रयोग नीट मांडला नव्हता."

तो गेल्यावर त्यांनी वही काढली. नऊ जगली, तीन वाळली. वाळलेल्या तिन्हींचं कारण तपासायचं होतं. जुलियाना कंदील घेऊन शेजारी येऊन बसली आणि वाकून वहीत पाहू लागली.

"ती तिन्ही माझ्याकडून सैल बांधली गेली," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून बघत होता ना, म्हणून. ते लिहू नका."

ॲन्सेल्मनी पेन्सिल काही क्षण कागदावर धरून ठेवली. मग वही मिटली आणि तिच्या डाव्या हातातला कंदील आपल्या हातात घेतला.