गुडघाभर पाणी

वैशाखातली सकाळ. झाडीपट्टीतल्या त्या जुन्या तलावावर ऊन उतरले, तांबूस, तेजस्वी आणि एकाकी. निळे पाणी, निश्चल पाणी, अगाध अथांग पाणी. पण त्यावर एक पान नव्हते, एक पंख नव्हता. वाटसरूला वाटावे, काय सुरेख तलाव! वाटसरूचे काय जाते?

मासेमार धिवरांची भागरता काठावर उभी होती. साठी उलटलेली, पदराच्या गाठीत देवधानाची एक मूठ. देवधान म्हणजे तलावाचे आपसूक उगवणारे धान. त्याला नांगर नको, बैल नको, फक्त मऊ गाळ आणि गुडघाभर पाणी हवे. कार्तिकातल्या दवभिजल्या पहाटे धिवरणी पाण्यात उतरत, लांब कुसळांची लोंबी वाकवून सुपात झाडत. अर्धे सुपात पडे, अर्धे पाण्यात सांडे. सांडलेले कुणी वेचायचे नाही. ते तलावाचे बियाणे.

त्या उथळ काठावर काय नव्हते! श्वेतकमळे होती, श्यामल शेवाळ होते, रक्तमस्तक सारसांची जोडी होती. देवधानाच्या दांड्यांत मासोळ्या अंडी घालीत आणि पिले तिथेच लपून मोठी होत. उथळ पाणी ही तलावाची कूस होती.

तीन वर्षांपूर्वी खोलीकरणाची यंत्रे आली. मोहल्ल्यात वडीलधारी म्हणून नारळ भागरतानेच फोडला. पाणी वाढेल, पाण्यासंगे मासळी वाढेल, असे साऱ्या धिवरांना वाटले. जन्म पाण्यात गेलेली माणसे, आणि पाण्यालाच भुलली! यंत्रांनी गाळ खरवडला, काठ उभे कापले, दगड बसवले. पाणी वाढले खरे. तलाव मात्र गेला.

घरी सुखरू, तिचा नवरा, चार वर्षे अर्धांगाने खाटेला खिळलेला. तलावाचे काय झाले ते त्याला कुणी सांगितलेच नव्हते. सांगायला जीभ कुणाची उचलणार? आता डॉक्टरांनीही हात टेकले होते. अन्नावरची वासना उडाली होती, एकच मागणे उरले होते.

"भागरते, देवधानाची पेज कर ना वं."

"उद्या करीन जी," ती म्हणे. चार दिवस म्हणत होती.

कारण राखेत जपलेली ही एकच मूठ साऱ्या गावात उरली होती. पेज केली तर बी संपणार. पेरली तर सुखरू तेवढी एक इच्छा घेऊन जाणार. आधी बियाण्याला जागा शोधू, मग बघू, असे ठरवून ती आली होती.

ती उतरली. पहिले पाऊल दगडावर, दुसरे पाऊल छातीभर पाण्यात. पुढे सरकली, पुन्हा उतरली. दगड, आणि मग छातीभर पाणी. सूर्य माथ्यावर आला, ओले लुगडे अंगावरच वाळले, पुन्हा भिजले. अख्खा तलाव तिने पालथा घातला. एवढ्या विशाल, एवढ्या भरल्या तलावात गुडघाभर पाणी कुठेच नव्हते.

"म्याच नारळ फोडला वं माय," ती पाण्याला म्हणाली, आणि काठावर बसून ढसाढसा रडली.

मग ती घरी गेली. गाठ सोडली, तांबूस दाणे उखळात कांडले, चूल पेटवली. पेजेचा तो ओला, मातकट सुगंध घरभर पसरला तसे सुखरूचे मिटले डोळे उघडले. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि वाटी ओठांना लावली.

"औंदा लय पिकलं वाटते," तो म्हणाला.

"हो जी. लय पिकलं."

तो हसला. अर्धी पेज प्यायला, आणि वाटी तिच्याकडे सरकवली.

"बाकी तू पे. सकाळपासून उपाशी असशीन."

नाही कसे म्हणावे? तो बघत होता. तिने वाटी उचलली, डोळे मिटले. आणि कोमट, गोड, गाळाच्या गंधाचा तो सारा तलाव घोटाघोटाने तिच्या कंठाखाली उतरत गेला.