नदीपलीकडचा परदेशी

माझा भाऊ होबार्ट अख्खी घरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. भिंती, छप्पर, कधी कधी तर कपाटातल्या कपबश्यांसकट. धंदा आमच्या बाबांनी ओहायोत सुरू केला, होबार्टने वाढवला. कागदपत्रं मी सांभाळते, कारण होबार्टच्या हातात कागद दिला की तो आधी त्यावर कॉफीचा मग ठेवतो.

आम्ही जन्मलो मात्र नदीच्या पलीकडे, केंटकी राज्यात. ते गाव, लिक फोर्क, आमच्या अंगणातून दिसतं. होबार्ट शाळेत असतानाच बाबांनी बिऱ्हाड अलीकडे आणलं आणि त्याबद्दल त्याने बाबांना कधी माफ केलं नाही. आज सत्तरीला आला, तरी 'आपल्याकडे' म्हणाला की बोट नदीपार जातं. ज्या राज्याचं मीठ जन्मभर खाल्लं, ते त्याच्या लेखी मुक्कामाचं ठिकाण. कुणी चुकून 'ओहायोवाले' म्हणालं की लगेच दुरुस्त करतो. एकदा तर अंत्ययात्रेत पाद्र्याला दुरुस्त केलं होतं.

तर त्या वसंतात पलीकडच्या कौंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, ठरवलं की लिक फोर्कचं चर्च दर पुरात बुडतं, ते उचलून टेकडीवर न्यायचं. आमच्या आजोबांनी त्याचे वासे चढवले होते. एका मोठ्या शहरी कंपनीने सांगितलं, तीन तुकडे करून नेऊ. हे ऐकलं आणि होबार्टने जेवता जेवता टेबलावर मूठ आपटली.

"आजोबांचे वासे करवतीने कापणार? माझ्या डोळ्यांदेखत? नेड्रा, मी ते अख्खं नेईन. घंटासुद्धा उतरवणार नाही."

अडचण एकच होती. आमची 'स्टिडम हाउस मूव्हर्स' ओहायोतली. केंटकीत काम घ्यायचं तर तिची तिथे नोंदणी हवी. मी पत्र टाकलं, तिथून दोन अर्ज आले. एक तिथेच नवी कंपनी काढणाऱ्यांसाठी, दुसरा आमच्यासारख्या, दुसऱ्या राज्यात आधीपासून असलेल्या कंपन्यांसाठी. या दुसऱ्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: परदेशी कंपनी.

होबार्टने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय गं?"

"कायद्याची भाषा आहे. राज्याबाहेरची ती परदेशी."

"मी परदेशी? अगं, आपली आई पुरलीय तिथे!"

"तू नाहीस रे बाबा. कंपनी परदेशी."

"कंपनी म्हणजे कोण? तू, मी आणि तो पिवळा ट्रक. ट्रकचं मला माहीत नाही, पण आपण दोघं तिथले."

"सही कर आणि गप्प बैस."

"बघतो," तो म्हणाला.

होबार्ट 'बघतो' म्हणाला की शहाण्याने दारं-खिडक्या लावून घ्याव्यात. पण दुसऱ्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडून परत आले तर पाकीट टपालात गेलेलं होतं. मला वाटलं, चला, सुटलो.

काही दिवसांनी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं. मी बघण्याआधीच त्याने ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. 'केंटकीची स्थानिक कंपनी', असं होतं त्यावर. पठ्ठ्याने पहिला अर्ज भरला होता.

"अरे गाढवा, हे काय केलंस?"

"खरं ते लिहिलं."

"ही आपली कंपनी नाहीच! ही दुसरीच जन्माला घातलीस तू. हिच्याकडे ट्रक नाही, जॅक नाही, विमा नाही."

"नाव तर तेच आहे ना?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आमची निविदा तपासून कौंटीच्या प्रूइटसाहेबांचा फोन आलाच. माणूस सभ्य, पण नियमाला पक्का. "नेड्राबाई, निविदेच्या अटीत लिहिलंय, कंपनी निदान दहा वर्षं जुनी हवी. तुमचीला अजून दुधाचे दात यायचेत."

"साहेब, आमची खरी कंपनी ओहायोतली, जुनी आहे."

"मग तिची इथली नोंदणी आणा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर ते तीन तुकडेवाले आहेतच."

ओहायोकडून मी दाखला काढला, की ही कंपनी हयात आहे आणि नीट वागते आहे. मग होबार्टला ट्रकमध्ये बसवलं आणि आम्ही केंटकीच्या राजधानीला गेलो. वाटभर त्याच्या मांडीवर ती फ्रेम. कशाला घेतलीस म्हणून मी विचारलं नाही. आधीच माझं डोकं फिरलं होतं.

काउंटरवरच्या तरुण बाईने परदेशीवाला अर्ज वाचला आणि मान हलवली.

"हे नाव मिळणार नाही. इथे याच नावाची कंपनी आधीच आहे."

"ती यांचीच आहे," मी म्हणाले.

"असेल. पण ती इथली आणि ही परदेशी. इथलीचा हक्क पहिला. केंटकीपुरतं दुसरं नाव घ्या."

"ट्रकवरचं नाव बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलंय," होबार्ट म्हणाला. "ते बदलणार नाही."

"मग ती इथली बंद करावी लागेल."

आपलेच दात आणि आपलेच ओठ! स्टिडमच स्टिडमच्या वाटेत आडवा पडला होता. मला हसू फुटलं, पण होबार्टचा चेहरा बघितला आणि ते घशातच राहिलं. इतका म्हातारा तो मला कधी दिसला नव्हता. त्याने फ्रेम काउंटरवर ठेवली, शिक्का वर करून.

"ही घ्या."

"फ्रेम नको हो, फक्त इथे सही करा." बाईने कंपनी बंद करण्याचा कागद पुढे सरकवला. तो सही करत असताना तिने सहज विचारलं, "आत्ता तर काढली होती. इतक्यात बंद का?"

होबार्टने पेन खाली ठेवलं. "इथला राहिलो तर आमचं चर्च मला उचलता येत नाही, बाई. परदेशी झालो तर येतं."

दोन्ही कागदांवर तिने शिक्के मारले आणि कंपनी बंद केल्याचा कागद कुठेतरी खाली ठेवून दिला.

काम आम्हाला मिळालं. होबार्टने चर्चखाली पोलादी तुळया सरकवल्या, जॅक लावले आणि ते इंच इंच उचललं. चढावर तो स्वतः पुढे उलटा चालत होता, हात वर करून, शिव्या देत. एक काच तडकली नाही. वर नव्या पायावर चर्च टेकलं तेव्हा घंटा आपोआप हलकीशी वाजली आणि माणसं रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

मग गवतावर जेवण मांडलं. घेवड्याच्या शेंगा, कॉर्नब्रेड, डुकराचं भाजलेलं मांस, कुणीकुणी घरून भाजून आणलेले गोड ॲपल-पाय. पाद्री ब्रदर एल्डन उभे राहिले. देवाचे आभार मानले, कौंटीचे मानले, मग आमच्या टेबलाकडे वळले.

"आणि आपले ओहायोचे पाहुणे," ते म्हणाले. "इतक्या लांबून येऊन परक्यांसाठी एवढं कोण करतं?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईची कबर तिथून दिसत होती, आणि नदीपलीकडे आमचं अंगणही. माझा काटा तोंडाजवळ थांबला. मी होबार्टकडे पाहिलं. आता हा उठणार, आता सगळ्यांदेखत पाद्र्याला फैलावर घेणार.

त्याने टोपी काढली आणि पाहुण्यासारखी मान लववली.

त्याला राग यावा असं मला फार वाटत होतं. पण तो आला नाही.