पाटलीनबाईची पात

थकली मी तं, बाप्पा. बाया गोळा करा, ऑटो ठरवा, वावरवाल्याशी भाव बोला, आन वरून आपल्या वाट्याची ओळ, आपली पात बी निंदा. आमचं गाव धरनात गेलं आन नवं गाव माळावर बसवलं, तवापासून माहं हे असंच चालू हाय. बाया मले मुकादमीन म्हनतात. आयकाले बरं वाटते, पन कंबरेले त्याचं काय?

त्या दिवशी सकाळी ऑटोपाशी गोजरबाई येऊन उभी राह्यली. हाव, तीच, पाटलीन. जुन्या गावात सगळ्यात मोठं वावर हिचं, आन त्यात निंदाले आम्ही. वावर पान्याखाली गेलं, मोबदला पोरायनं गाड्या घेऊन उडवला, आन ही फडक्यात भाकर बांधून माह्यापुढं.

"धम्मशीले, मले घेतं का वं कामाले?"

मले हसू नाही आलं. रागच आला. वावराच्या कडंले धुऱ्यावर उभी राहून हिनं मले 'हात चालव वं, हात चालव' केलेलं मी इसरली नाही. पन नाही म्हनाचा दम बी नव्हता अंगात. "बसा, पाटलीनबाई," म्हनलं.

कपाशीत ज्याची त्याची पात लागली. आम्ही मधात पोचलो तरी ही मागंच. गवत उपटे तं त्याच्यासंगं कपाशीचं झाड बी उपटे. वावरवाले नारायणराव धुऱ्यावरून वरडले, "मुकादमीन, त्या बुढीले उद्या आनू नको!" गोजरबाईनं आयकलं. मान काही वर केली नाही.

दुपारी निंबाखाली डबे सुटले. गोजरबाई इकडंतिकडं पाहू लागली. तिनं पानीच आनलं नव्हतं! आनन कशी? जन्मभर वावरात सालदारानं हातात आनून देल्लं पानी पेली ती. ऊन मरनाचं. तिचे ओठ पांढरे पडले. शेवटी माह्यापाशी आली, खाली बसली आन ओंजळ पुढं केली.

तिच्या घरचा ओटा आठवला मले. मी अशीच ओंजळ धरून बसो, आन तांब्या माह्या हाताले लागू नये म्हनून ती उंचावरून धार सोडे. आज बी माह्या पान्याच्या डबकीले तोंड लावाचं नव्हतं तिले. जीव जळला माहा.

"मी वरून ओतनार नाही," म्हनलं. "हात दुखून राह्यले माहे. डबकी घ्या, तोंड लावा. नाही तं राहा तशाच."

गोजरबाईनं खाली पाह्यलं, मंग दोनी हातानं डबकी उचलली आन तोंडाले लावली. घटाघटा पेली. डोळ्यात पानी आलं तिच्या. ठसक्याचं असन. मंग मी डबकी घेतली आन न पुसता पेली.

दुपारून तिची पात पुन्हा मागं पडली. कंबर तुटून राह्यली होती माही, तरी आपली पात संपवून मी तिच्या पातीले समोरून लागली. तिले शिव्या देत लागली. निंदता निंदता मधात दोघी डोक्याले डोकं भिडल्या.

ती दम खात म्हने, "उद्या... कसं करतं वं?"

"नारायणरावले मी सांगते. तुमची पात मागं राह्यली तं मी भरून देईन. येजा."

तिनं मान हलवली. उठता येईना तिले, तं हात देला मी.

"पन पाटलीनबाई," म्हनलं, "उद्या आपलं पानी आपन आनजा."