पंचविसावी बशी

"मिस्टरांना पाठवा," हवालदार मान वर न करता म्हणाला. "बंदूक ज्याच्या नावावर, त्यानेच जमा करायची असते."

"माझ्याच नावावर आहे."

आता त्याने मान वर केली. समोर पंचावन्नची बाई. सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, हातात निवडणुकीआधी हत्यारं जमा करायची नोटीस.

"तुमच्या? कशाला? शेतीबिती आहे?"

"नाही."

"कुणाची धमकी?"

"नाही. उडत्या बशा फोडते. मातीच्या. स्कीट म्हणतात. खेळ आहे तो."

पलीकडच्या टेबलावरचा फसकन हसला. मंदाकिनी परचुरेला त्या हसण्याची सव्वीस वर्षांची सवय होती, तरी दर वेळी डोकं तापायचंच. वडील वनखात्यात होते. ते गेल्यावर भावांनी घड्याळ घेतलं, रेडिओ घेतला, तांब्याचा बंब घेतला. दुनळी बंदूक कुणालाच नको होती, ती हिने घेतली. रीतसर परवाना काढला. आजवर चिमणीसुद्धा मारली नाही. पण हे सांगितलं की लोक आणखीच बावचळतात. मारायचंच नाही तर बंदूक कशाला? यांचीच पोरं रोज शेजाऱ्यांच्या काचा फोडतात, तेव्हा बॅट कशाला असं कुणी विचारत नाही.

"सोमवारी सकाळी आणा. निकाल लागला की परत मिळेल."

"खेळाडूंना सूट असते."

"क्लबाचं पत्र आणा."

"क्लब रविवारी कायमचा बंद होतोय."

"मग सूट कशाला पाहिजे?"

नोटीस पिशवीत कोंबून ती तणतणत बाहेर पडली.

क्लबाची नेमबाजीची रेंज शहराबाहेरच्या माळावर होती. पन्नास वर्षं तिथला बार बाभळींशिवाय कुणाला ऐकू गेला नव्हता. मग टेकडीपलीकडे काचेच्या कॉम्प्युटर कंपन्या आल्या, त्यांच्या मागोमाग सोसायट्या. शेजारी बंदुका वाजतात म्हणून लोकांनी फ्लॅट स्वस्तात घेतले आणि राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात अर्ज केला, की बंदुका वाजतात. जागेच्या मालकाला निमित्तच हवं होतं.

घरी नवऱ्याचा, सीतारामचा, ठरलेला विनोद तयार होता. "बशाच फोडायच्या तर घरातल्या फोड ना. निदान धुवायच्या तरी वाचतील."

"अहो, तुम्ही कधी धुतल्यात?"

"तुझाच त्रास वाचवतोय अगं."

सव्वीस वर्षांत तो एकदाही रेंजवर आला नव्हता. तुला काय मिळतं त्यात, हेही त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. टेलिफोनच्या ऑफिसात तिची उमेदीची सगळी वर्षं ट्रंक कॉल जोडण्यात गेली. होल्ड करा, लाइन बिझी आहे, नंतर करा. मग लोकांच्या खिशात फोन आले आणि हिच्या हातात जावक वही आली. तिने सांगावं आणि ते लगेच घडावं, असं जगात एकच ठिकाण होतं. बंदूक कमरेशी धरायची, 'पुल' म्हणायचं; फार तर तीन सेकंदांत केशरी बशी सुसाट बाहेर पडते. बंदूक खांद्याला, बार, आणि आकाशात तुकडे. एका फेरीत पंचवीस बशा. चोवीस तिने बऱ्याचदा फोडल्या होत्या. पंचवीस एकदाही नाही. आता रविवारची एकच फेरी हातात होती.

रविवारी ती लूनावरून पोचली, तेव्हा सेक्रेटरी श्यामसुंदर बेहेरे हार आणि सामोसे घेऊन हजर होते. "मंदाताई, शेवटची फेरी तुमची! तुम्ही सगळ्यांत सीनिअर!" याच गृहस्थांनी गेल्या वर्षी तिचं नाव स्पर्धेच्या यादीतून उडवलं होतं. वयाचा नियम दाखवून.

बशा सोडायचं बटण मैनुद्दीनच्या हातात होतं. बावीस वर्षं तो हेच काम करत होता आणि रेंजवर तोच एक माणूस असा, की ज्याने तिला कधी 'छान छान' म्हटलं नव्हतं. तिची बशी हुकली की म्हणायचा, "घाई केली, ताई." बस्स.

त्या दिवशी मात्र तिचं काही चुकेनाच. मैदानाच्या एका टोकाच्या उंच खोलीतून आलेली फुटली, दुसऱ्या टोकाच्या बसक्या खोलीतून आलेली फुटली, जोडीने सुटल्या त्या दोन्ही फुटल्या. वीस झाल्यावर मागची बडबड थांबली. चोवीस झाल्यावर सामोसे चावणारी तोंडंही थांबली.

शेवटची बशी दोन्ही खोल्यांच्या मधोमध उभं राहून घ्यायची. जवळजवळ अंगावरच येते ती.

"पुल!"

बार झाला. बशीतून भुरकन धूळ उडाली आणि बशी तिच्या डोक्यावरून मागे निघून गेली.

"हिट!" बेहेरे ओरडले. "पंचवीस!" टाळ्या पडल्या.

मंदाकिनीने बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं. "धूळ होती," ती म्हणाली.

नियम पहिल्या दिवशी शिकवतात. डोळ्यांना तुकडा दिसला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर बशी गेली.

"अहो, छर्रा लागला ना? शेवटचा दिवस आहे. लिहितो मी पंचवीस. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तुम्ही पण ना! आम्ही प्रेमाने देतोय तर..."

"यादीतनं नाव काढताना नियम काढलात, बेहेरे. आज प्रेम कुठनं काढलंत?" ती वळली. "मैनुद्दीनभाई, तुकडा दिसला?"

मैनुद्दीनने बेहेऱ्यांकडे पाहिलंच नाही. "नाही, ताई. धूळ होती. जरा मागं राहिलात."

"तेच म्हणतेय. चोवीस लिहा."

बेहेऱ्यांनी तोंड वाकडं करून लिहिलं. सामोसे गार झाले होते. तिने दोन खाल्ले.

घरी सीतारामने पेपर खाली न करता विचारलं, "किती?"

"चोवीस."

"म्हणजे बाराव्यांदा," पेपरामागून आवाज आला.

ती चप्पल काढता काढता थांबली. हा मोजत होता, हे तिला माहीतच नव्हतं. मग तिला त्याचाही राग आला. सव्वीस वर्षं बसून मोजता येत होतं, तर एकदा यायला काय झालं होतं?

सोमवारी हवालदाराने बंदुकीचा नंबर उतरवला आणि पुढच्या रकान्यात न विचारताच 'स्वसंरक्षण' लिहिलं.

"खोडा ते. खेळ लिहा."

"अहो बाई, काय फरक पडतो?"

"मला पडतो."

त्याने सुस्कारा सोडून खोडलं, वर बारीक अक्षरात 'खेळ' लिहिलं. घोड्याला सुतळीने चिठ्ठी बांधली आणि कोपऱ्यातल्या दहा-बारा बंदुकांत तिची उभी केली. तिने पुढे होऊन पदराने नळीवरचा त्याच्या बोटांचा ठसा पुसला. कुणी हसलं नाही.

बाहेर उन्हात आल्यावर हातातल्या रिकाम्या कव्हरचं काय करायचं, ते तिला कळेना. तिने त्याची साडीसारखी नीट घडी घातली, काखेत धरली आणि ऑफिसला गेली.