देवापाशी ठेवलेला रिले

"दुसऱ्याने बघितलेलं न बघितलेलंच धर. स्वतः झाकण उघड, मगच पुढे जा."

बाबा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. त्यांचं हे वाक्य मला आज सकाळी आठवलं, पण उशिरा आठवलं.

आज सासूबाईंना इस्पितळातून घरी आणायचं होतं. पाय मोडल्यापासून त्या तिथेच होत्या. काल निघताना त्यांनी माझा पदर धरला होता. "तूच ये हं. मला इथेच ठेवून विसरणार नाही ना?" मी म्हटलं होतं, "सकाळीच येते, आई." माणूस असं विचारतं तेव्हा ते थट्टेने विचारत नसतं.

आणि सकाळी ह्यांनी गाडी सुरू करून एसी लावला, तर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढायला लागला. रेडिएटरचा पंखा ढिम्म. एसी लावला की तो फिरायलाच हवा.

त्यात माझं मौन. देवापुढचा दिवा तेल संपून शांत होईपर्यंत मी बोलत नाही. रोजचा नेम आहे. एरवी त्याचा कुणाला त्रास नसतो, उलट हे म्हणतात, घरातली तेवढीच वेळ सुखाची.

"मोटर जळली," ह्यांनी निकाल देऊन टाकला.

मी बोटाने फ्यूजच्या डबीकडे दाखवलं.

"बघितला फ्यूज. चांगला आहे. मी काय आंधळा आहे?"

आंधळे नव्हते, म्हणून मी विश्वास ठेवला. तिथेच चुकलं.

इंजिन निवल्यावर मी पदर खोचून पंख्याचा प्लग काढायला बसले. जागा इतकी अडचणीची की हात आत जाई, पण कोपर वळेना. प्लगची खिट्टी मातीने घट्ट बसलेली. बोटाचं साल निघालं. हे डोक्यावर उभे राहून बोलत होते, "अगं तिकडून नाही, इकडून. नव्या मोटरीसाठी फोन लावू का? मी सांगतोय ना, मोटर गेली!" तोंड बंद ठेवण्याचं पुण्य किती असतं देव जाणे, पण त्या घडीला मला ते फार कमी वाटलं.

तेवढ्यात फोन. इस्पितळातून नणंद. "निघालात का? आई कधीची आवरून बसली आहे! वहिनीला दे."

"तिचं मौन आहे."

"आणि गाडीचं?"

"तिचंही."

प्लग निघाला एकदाचा. दोन वायरी घेऊन मी बॅटरीची वीज थेट पंख्याला दिली. पंखा भणाणून फिरला. मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"मग फिरत का नव्हता?" हे म्हणाले, जणू मीच त्याला गप्प बसवला होता.

मोटर धडधाकट, म्हणजे वीजच तिथवर पोचत नव्हती. मग बाबांचं वाक्य आठवलं. मी फ्यूजच्या डबीचं झाकण स्वतः उघडलं. फ्यूज खरंच चांगला होता. त्याच्या शेजारची रिलेची जागा रिकामी! पंख्याची वीज चालू-बंद करणारा तो काळा चौकोनी ठोकळाच तिथे नव्हता. ह्यांना फ्यूज बघायला सांगितला, ह्यांनी फ्यूजच बघितला.

"चोरी!" हे ओरडले. "कोण शेजारी असं—"

त्या आवाजाने भाऊजी उठून दारात आले. माझे धाकटे दीर. रात्रपाळी करून पहाटे गाडी तेच आणतात. रिकामी जागा पाहिली आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"वहिनी, मीच काढला. गाडी बंद केली तरी हा पंखा गुरगुरत राहतो, बरोबर तुमच्या खिडकीखाली. तुम्ही डोळे मिटून बसलेल्या असता. म्हणून रोज आल्यावर काढतो, उठलो की लावतो. तुम्ही आज इतक्या लवकर निघणार हे मला कुठे ठाऊक!"

"अरे शहाण्या, ठेवलास कुठे?" हे.

"परवा खिशातून पडला होता. म्हणून आज देवापाशी, काडेपेटीजवळ ठेवला. तिथे काही हरवत नाही."

दिवा लावताना अर्धवट उजेडात मी तो पाहिला होता, पण ओळखला नव्हता. हे काय, म्हणून विचारायचं, तर मौन. देवापुढे पसारा नको म्हणून जळक्या काड्यांच्या डब्यात टाकून दिला होता.

धावत आत गेले. काड्यांच्या राखेत तो सापडला. दिवा अजून तेवत होता, तळाशी थोडंसं तेल. भाऊजींना सुनवायला जिभेवर बरंच काही गोळा झालं होतं. पण माझ्या शांततेसाठी त्यांनी हे केलं होतं, आणि तीच शांतता आता त्यांच्यावर ओरडून मोडायची?

पदराने रिले पुसला, जागेवर दाबून बसवला. प्लग लावला, किल्ली फिरवली, एसी लावला. पंखा गुरगुरला. त्याचा आवाज मला आज पहिल्यांदाच गोड वाटला.

"वहिनी, रागावलात?" भाऊजींनी हळूच विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली आणि सोललेलं बोट त्यांना दाखवलं. ते ओशाळून हळद आणायला आत पळाले.

मी थांबले नाही. मागच्या सीटवर पाय लांब करता येईल अशी उशी ठेवली, ह्यांना पुढे बसायची खूण केली आणि एक शब्दही न बोलता गाडी रस्त्याला घेतली.