ओठांची तालीम

इंद्रकुमार पटले कुडव्याहून रोज मोटारसायकल हाणत सालेकशाजवळच्या शाळेत संगीत शिकवायला यायचा. नोकरी तासिकेवरची. म्हणजे शाळेला हवा असेल तोवर मास्तर, नको झाला की घरी. तरी शिकवायचा जीव ओतून. पेटीवर त्याने सा धरला की पहिली ते चौथीची पोरं आपापल्या सोयीने त्याच्या वर-खाली कुठेतरी बसायची. एकटी चौथीतली राखी नेमकी त्यावर यायची. आईबरोबर मोहफुलं वेचताना मोकळ्या रानात गायची सवय. आवाज दाबणं तिला ठाऊकच नव्हतं. सात वर्षांत असा गळा त्याला पहिल्यांदाच सापडला होता आणि त्याचं त्याला कोण अप्रूप!

तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेचं पत्र आलं तसे हेडमास्तर केशोराव अंगात आल्यासारखे वागू लागले. त्यांनी गोंदियाहून मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलेलं तयार गाणंच आणलं, शहरातल्या शिकवलेल्या पोरांच्या आवाजातलं.

"मांगून हे वाजन, आपले पोट्टे फक्त तोंड हलवतीन," ते म्हणाले. "सब्बन शाळा असंच करून राहिल्या."

"पण सर, आपले पोट्टे गातेत ना."

"गातेत, मालूम आहे मले. त्यानं ढाल येते का? ढाल आली तर पुढच्या वर्षासाठी तुमचं नाव मीच वर पाठवतो. नाही आली तर तुमचं तुम्ही पाहा."

इंद्रकुमारच्या घरी दोन लेकरं होती. त्याने मान डोलावली. त्याला नावं ठेवायला आपलं काय जातं म्हणा!

महिनाभर ओठांची तालीम चालली. बाकीच्या पोरांना मजाच वाटली, घसा न दुखता गाणं. राखीचं मात्र जमेना. दुसऱ्या ओळीला आवाज आपोआप बाहेर पडायचा, तोही रेकॉर्डपेक्षा सच्चा, आणि केशोराव कपाळाला आठ्या घालायचे. इंद्रकुमारने तिला आधी समजावलं, मग मागच्या रांगेत ढकललं. शेवटच्या आठवड्यात त्याचा तोल सुटला.

"तुझ्या एकटीपायी सगळं बिघडून राहिलं!" तो सगळ्यांसमोर ओरडला. "आता आवाज निघाला तर सरळ घरी जायचं!"

राखी रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे ओठ बिनचूक हलू लागले, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. या हायसं वाटण्याची लाज त्याला पुढे फार वाटली.

ढाल आली. फोटो निघाले, केशोरावांनी हार घालून घेतला, इंद्रकुमारचं नाव वर गेलं.

सोमवारी त्याने पेटी उघडली. "आज मोबाइल नाही. आज आपलं गाणं आपण म्हणायचं."

पोरांनी छप्पर उडेल असा गलका केला. सूर कुठल्या कुठे गेला होता, तरी इंद्रकुमार महिन्याने मनापासून हसला. मग त्याचे कान त्या गलक्यात एक आवाज शोधू लागले. तो नव्हता. राखी मात्र पूर्ण तोंड उघडून उभी होती.

त्याने बाकीच्यांना थांबवलं. "राखी, तू एकटी म्हण."

ओठ हलले. तो उठून तिच्यापाशी गेला, कान जवळ नेला. नुसता श्वास येत होता.

"काऊन गाऊन नाही राहिली तू? निघू दे ना आवाज."

तिने जोरात मान हलवली. "नाही सर. आता नाही निघत."

"निघाला तरी मी काही म्हणत नाही, बाई. खरंच."

सर परीक्षा घेतात, असं तिला वाटलं असावं. ती ताठ उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खं गाणं तिने नुसत्या ओठांनी म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. संपल्यावर ती शाबासकीसाठी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.