गालांनी फुंकायचं असतं

वितळलेली लालभडक काच नळीच्या टोकाला लोंबत असताना जिचा हात कधी थरथरला नाही, ती प्रयोगशाळांचे चंबू फुंकणारी बाई त्या दुपारी दवाखान्यात पार गळाठून गेली होती. आठ वर्षांची लेक खाटेवर टेकून बसलेली आणि डोक्यावरच्या पडद्यावर मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा, दोनशे अठरा. एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. आज ती गप्प होती आणि आतलं काळीज गरगरत होतं.

"ताई, आधी बिनऔषधाचा उपाय करू," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयातला विजेचा इशारा एका आडवाटेला लागून गोल गोल फिरत बसलाय. नाहीच जमलं, तर मागच्यासारखं इंजेक्शन."

मागचं इंजेक्शन! त्याने काळीज क्षणभर थांबलं आणि ठोके ताळ्यावर आले खरे, पण नंतर भिंगरीने विचारलं होतं, "आई, मी मेले होते का गं?" तो प्रश्न आईच्या डोक्यातून दोन महिने गेला नव्हता. आज काही झालं तरी ती सुई नको होती.

उपाय ऐकून तिला हसावं की रडावं कळेना. रिकाम्या सिरिंजच्या टोकातून फुंकायचं, आतला दट्ट्या हलला पाहिजे, पंधरा सेकंद. मग झटकन आडवं करून पाय वर धरायचे. संपलं.

"फुंकायचं? अहो, फुंकण्यावर तर आमचं घर चालतं!"

भिंगरीने गाल टम्म फुगवून फुंकलं. दट्ट्या सुळकन सरकला. सिस्टरने पाय वर धरले. दोनशे सोळा. पुन्हा फुंकलं. दोनशे अठरा.

"फुंकते तर झकास," डॉक्टर बुचकळ्यात पडल्या. सिस्टर सुईचा ट्रे आणायला वळल्या, तशी भिंगरीने आईची बाही घट्ट धरली.

आईची नजर त्या फुगलेल्या गालांवर खिळली, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे गाल तिचेच की! कारखान्यातला पहिला धडा: फुंक गालांची हवी, छातीचा जोर लावलास की काच फुटली म्हणून समज. शाळा सुटल्यावर पोरगी तिच्याशेजारी बसून टाकाऊ नळ्या फुंकायची. गुरूची विद्या गुरूलाच, दुसरं काय!

"थांबा! ती गालांनी फुंकतेय. दट्ट्या हलतो, पण छातीवर जोरच पडत नाही."

"अहो, तो जोर तर हवाय! त्यानेच ती गोल फेरी तुटते!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच.

आईने भाजल्याचे डाग असलेले दोन्ही तळवे लेकीच्या गालांवर दाबून धरले. "भिंगरे, गाल नाही. छातीने फुंक."

"पण तूच म्हणतेस, छातीने फुटतं," भिंगरी पुटपुटली. "माझ्या आतलं काही फुटलं तर?"

काच फुंकण्याच्या वीस वर्षांत आईने जे तोंडातून कधी काढलं नव्हतं, ते ती म्हणाली.

"फुटू दे. मी धरलंय तुला."

भिंगरीने फुंकलं. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा तटतटल्या. डॉक्टर मोजत होत्या. तेरा, चौदा, पंधरा. पाठ खाली, पाय वर.

पडद्यावरची रेघ सपाट झाली. मग एक ठोका. थोडं थांबून दुसरा. मग ओळीने, शहाण्यासारखे, ठोके येत गेले. शहाण्णव.

आई बघतच राहिली. फुंकरीने काचेला पोट येतं, मान येते, हे तिला रोजचं होतं आणि त्याची तिला घमेंडही होती. पण फुंकर अशी उलटी आत जाते, जिथे कोणाचा हात पोचत नाही तिथल्या काळजाला वाटेवर आणते, हे तिने स्वप्नातही पाहिलं नव्हतं. तिचे हात आपोआप जोडले गेले, कोणापुढे ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"आई," भिंगरीने हळूच विचारलं, "काही फुटलं का?"

आईने तोंड उघडलं, पण एका शब्दापुरतीही हवा तिच्यात उरली नव्हती. तिने नुसती 'नाही' अशी मान हलवली.